अंगणातील तामण

घराभोवती थोडीबहुत मोकळी जागा असलेल्या गृहस्थाच्या मनात केव्हा ना केव्हा एक इच्छा उत्पन्न होते, ती अशी की, ह्या जागेत शोभेचे एखादे झाड असावे. आंबा, फणस, नारळ ह्यांचा हिशेब निराळा. त्यांच्यापासून काही मिळावे म्हणून आपण ती लावतो. शोभेचे झाड केवळ नेत्रसुखासाठी लावावयाचे असते. ही इच्छा वरवर पाहता सर्वस्वी निर्दोष आहे. परंतु तिच्या पोटी पुष्कळदा पश्चात्ताप जन्मास येतो, आणि तो जन्मास येण्यास पंधरा-वीस वर्षे लागत असल्यामुळे आपली मूळची चूक कोठे झाली हेही मनुष्यास धड आठवत नाही. आज मी आपणापुढे तामण ह्या झाडाविषयी बोलणार आहे. परंतु त्या झाडापर्यंत मी कोणत्या वाटेने पोहोचलो हे सांगितल्यावाचून माझ्या सांगण्यातील अर्धा भाग वाया जाईल. म्हणून आधी माझी चूक सांगतो.

आमचे घर उत्तर रत्नागिरीत, समुद्रापासून दोन-तीन कोसांवर, नगरपालिकेच्या हद्दीत आहे. घरापुढे लहानसे अंगण आहे, आणि शेजाऱ्यांच्या व आमच्या आवारामध्ये जांभ्याचा कंबरभर उंचीचा गडगा आहे. १९९१ च्या पावसाळ्यात मी ह्या गडग्यापासून अवघ्या ५ फुटांवर गुलमोहराचे एक रोप लावले. रोप वीतभर होते आणि अंगण मला मोठे वाटत होते. गुलमोहर हे मूळचे मादागास्कर बेटावरील झाड. तेथून ते सर्व उष्ण देशांत पसरले आणि आपल्याकडेही इतके रुळले की, तो परका आहे हे सांगितल्यास पुष्कळांना नवल वाटते. त्याची वाढ झपाट्याची, विस्तार छत्रीसारखा आडवा, मुळे बरीचशी वरच्या वर पसरणारी आणि लाकूड ठिसूळ. हे सर्व गुण मला ऐकून ठाऊक होते. परंतु ऐकून ठाऊक असणे आणि अंगणात भोगणे ह्यांत अंतर आहे.

झाड वाढले, फुलले, वैशाखात साऱ्या आळीला लाल करू लागले. येणारेजाणारे थांबून पाहत आणि मला त्याचा अभिमान वाटे. इकडे मुळांनी अंगणाची फरशी उचलली, गडग्याला पोट आले, आणि शेजाऱ्यांच्या पन्हळीत बारीक पाने साचून पहिल्या पावसाचे पाणी त्यांच्या पडवीत उतरू लागले. त्यांनी दोन वेळा सौम्य शब्दांत सुचविले. मी दोन्ही वेळा पन्हळ साफ करून दिली आणि झाड तसेच ठेवले. शेवटी २०११ च्या जुलैत एका रात्री मांडीएवढ्या जाडीची एक फांदी तुटून शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या कौलांवर पडली. कोणास इजा झाली नाही. परंतु पलीकडच्या खोलीत त्यांच्या वृद्ध मातोश्री निजल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी सुतार व कौले घेऊन गेलो. शेजारी मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी रागावून बोलावे अशी मनुष्याची इच्छा असते, असे प्रसंग थोडेच येतात. तो त्यांपैकी एक होता. पुढील वर्षी चैत्रात त्यांच्या घरच्या हळदीकुंकवाचे बोलावणे आमच्याकडे आले नाही. एकवीस वर्षांत असे प्रथमच घडले.

झाड तोडावयाचे ठरले. येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. झाड आपल्या आवारात असले, आपण हातांनी लावलेले असले, तरी नागरी हद्दीत ते परवानगीवाचून तोडता येत नाही. ह्यासाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे, आणि तोडलेल्या झाडाच्या बदली दुसरे लावण्याचे बंधनही त्यात आहे. मी रीतसर अर्ज केला, पाहणी झाली, परवानगी मिळाली. झाड पडले त्या दिवशी अंगणात इतके ऊन आले की, घर परक्याचे वाटू लागले.

आता बदलीचे झाड कोणते लावावे? ह्या वेळी मी रोपवाटिकेत गेलो नाही. आधी शेजाऱ्यांकडे गेलो. म्हटले, “मला पुन्हा एक झाड लावावयाचे आहे. तुमची हरकत असेल तर लावणार नाही.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मास्तर, लावा. पण ह्या खेपेस रोप पाहून ठरवू नका. झाड म्हातारे झालेले पाहा, आणि मग ठरवा.”

श्रोतेहो, बागकामाची मी जी थोडीफार पुस्तके वाचली, त्यांत ह्याहून उपयुक्त वाक्य मला आढळले नाही. रोपवाटिकेतील सर्वच रोपे गुडघ्याएवढी आणि सर्वच गोजिरवाणी असतात. वड आणि चिनाई मेंदी ह्यांत त्या वयात उंचीचा फरक नसतो. म्हणून ज्या जातीचे झाड लावावयाचे, त्या जातीचे पूर्ण वाढलेले झाड प्रत्यक्ष पाहावे. एकदा फुलांच्या दिवसांत, एकदा पानगळीत आणि एकदा भर पावसात. त्याच्या पसाऱ्याखाली दुपारी उभे राहावे, सावलीचा घेर पावलांनी मोजावा, बुंध्याजवळची जमीन मुळांनी फुगली आहे काय ते न्याहाळावे, खाली मोडून पडलेल्या काटक्या किती हे पाहावे. मी एक वर्ष हाच उद्योग केला. बहावा पाहिला, कांचन पाहिला, सोनचाफा पाहिला. आणि अखेर आमच्या गावाबाहेरील पऱ्याच्या काठी उभ्या असलेल्या एका जुन्या तामणीपाशी माझे मन ठरले.

तामण किंवा ताम्हण हे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपुष्प होय. बंगाल-आसामकडे ह्याच झाडास जारूळ म्हणतात. शास्त्रीय नाव लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा असे आहे. पैकी पहिला शब्द स्वीडनमधील मॅग्नस फॉन लॅगरस्ट्रोम ह्या गृहस्थाच्या नावावरून आला. तो स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक होता आणि पूर्वेकडील वनस्पती लिनियस ह्या प्रख्यात वनस्पतिशास्त्रज्ञास मिळवून देत असे. त्या उपकाराची फेड लिनियसने नाव देऊन केली. दुसऱ्या शब्दाचा अर्थ केवळ ‘देखणी’ असा आहे. कुळाने ही मेंदी आणि धायटी ह्यांची आप्त. आपल्या सह्याद्रीत तिची दोन भावंडेही आहेत, नाणा आणि बोंडारा. परंतु त्यांची फुले लहान व पांढरट. फुलांचे वैभव सारे तामणीच्या वाट्यास आले आहे.

ते वैभव चैत्राच्या अखेरीस प्रकट होऊ लागते. नव्या डहाळीच्या टोकाशी फूटभर लांबीचा उभा तुरा येतो आणि तो खालून वर उमलत जातो. एकेक फूल दोन-तीन इंच रुंदीचे. पाकळ्या बहुधा सहा, कडांना चुरगळलेल्या. जणू तलम कापड धुऊन इस्त्रीवाचून वाळत घातले आहे. रंग जांभळ्या-गुलाबी छटेचा, आणि मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. ताजे फूल गडद असते. पुढे ते फिकट होत जाते. त्यामुळे एकाच तुऱ्यावर वरच्या बाजूस गडद आणि खालच्या बाजूस फिकी अशी रंगांची उतरण दिसते. सकाळी भुंगे आणि मधमाश्या परागांसाठी येतात, आणि झाडाखाली उभे राहिले असता त्यांचा गुणगुणाट स्पष्ट ऐकू येतो. फुलांचा भर ज्येष्ठापर्यंत टिकतो. मग हिरवी बोंडे धरतात, ती पावसाळाभर पोसतात, हिवाळ्यात काळपट होऊन तडकतात. माघ-फाल्गुनात पाने तांबूस होऊन गळतात, आणि थोड्याच दिवसांत नवी पालवी फुटते.

ह्या झाडाचे मूळ घर म्हणजे ओढ्यांचे व नद्यांचे काठ. कोकणात आणि घाटाच्या पायथ्याशी ते आपोआप येते. त्याचे लाकूड पाण्यात टिकाऊ असल्यामुळे पूर्वेकडे होड्यांसाठी वापरतात. ह्या एका गोष्टीवरून त्याच्या संगोपनाचे बहुतेक नियम काढता येतात. ज्याचे घर पाण्याकाठी, त्यास पाणी हवे. ज्यास नदीपात्रावरील मोकळे आकाश लाभले, त्यास ऊन हवे. सावलीत लावलेली तामण जगते, पण फुलत नाही. घराच्या उत्तरेस, दोन इमारतींच्या मध्ये तिला कोंबून फुलांची वाट पाहत बसणे व्यर्थ होय.

रानात तामण ६० फुटांवरही जाते. उघड्या बागेत मात्र ती बहुधा २५ ते ३० फुटांवर थांबते आणि तिचा माथा गोलसर होतो. मी पाहिलेल्या झाडाचा घेर १२ पावलांचा भरला. तेव्हा घराच्या भिंतीपासून व शेजाऱ्याच्या हद्दीपासून १५ फूट अंतर सोडावे, असा मी हिशेब केला. गुलमोहराची जागा ५ फुटांची होती. नवी जागा अंगणाच्या जवळजवळ मध्यावर आली. घरातून तक्रार झाली की, लग्नकार्यात मांडव कोठे घालावा? ती रास्त होती. परंतु अंगणात १५ फूट सोडणे जमत नसेल तर मोठे झाड लावू नये, हेच खरे. अशा घरी कुंडीत किंवा वाफ्यात चिनाई मेंदी लावावी. ती ह्याच कुळीची, मूळची चीन देशाकडील, झुडपासारखी राहणारी, आणि तिचीही फुले अशीच चुरगळीची असतात.

आता लागवडीविषयी. मी बियांपासून रोपे केली. मार्गशीर्ष-पौषात बोंडे काळी पडू लागली की, ती तडकण्यापूर्वी काढावीत व सुपात उन्हात ठेवावीत. ती आपोआप उकलतात आणि आतून पातळ पंखाचे हलके बी निघते. सूप वाऱ्यावर ठेवू नये. माझे पहिले सूप तसेच रिकामे झाले. फाल्गुनात पसरट कुंडीत चाळलेली माती, वाळू व जुने शेणखत समभाग घालून त्यावर बी विरळ पेरावे आणि वरून अगदी पातळ माती भुरभुरावी. पाणी झारीने, तेही बेताने. सर्वच बी रुजत नाही. माझ्या शंभरांपैकी तीसेक रुजले आणि त्यांतील दहा रोपे अधिक पाण्यामुळे मानेशी कुजली. चार पाने आली की रोपे पिशवीत हलवावीत, पहिला पावसाळा व पुढील उन्हाळा त्यांना डोळ्यांसमोर ठेवावे, आणि दुसऱ्या पावसाच्या आरंभी जमिनीत लावावे. ज्यांना इतका धीर नाही त्यांनी खात्रीच्या ठिकाणाहून गुटी कलम आणावे. ते लवकर फुलते.

खड्डा मात्र पावसाच्या आधी, वैशाखातच खणावा आणि उन्हात तापू द्यावा. आमच्याकडे फूटभर मातीखाली जांभा लागतो. तेथे कुदळ चालत नाही, पहार लागते. तरीही ३ फूट लांब, ३ फूट रुंद व ३ फूट खोल ह्यात काटकसर करू नये. खडकातील लहान खड्डा म्हणजे झाडास आयुष्यभर कुंडीत ठेवल्यासारखेच होय. भरताना वरची माती, दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत, आणि वाळवीसाठी दोन मुठी निंबोळी पेंड घालावी. ओले शेण घालू नये. त्याने वाळवी येते आणि मुळे पोळतात. रोपाशेजारी आधाराची काठी रोवावी. दोर सैल बांधावा आणि तो दर सहा महिन्यांनी सोडून पुन्हा बांधावा, नाहीतर तोच दोर खोडात रुतून बसतो.

पहिले तीन उन्हाळे कसोटीचे असतात. आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर घालावा, तो बुंध्यास मात्र टेकू देऊ नये. आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्यावे. रोज तांब्याभर शिंपडण्याने मुळे वरच राहतात. आणि वर राहिलेली मुळे काय करतात, हे मी फरशीवर पाहिले होते. देशावरील श्रोत्यांनी पाण्याची ही बाब अधिक मनावर घ्यावी. तिकडे तामण होत नाही असे नव्हे; पुण्यामुंबईच्या रस्त्यांवरही ती उत्तम फुलते; परंतु कोरड्या माळावर तिला बालपणी पाजावे लागते. खतांचा मारा करू नये. पानांची भरभराट आणि फुलांचा दुष्काळ, असे त्याचे फळ मिळते.

माझे रोप २०१३ च्या आषाढात जमिनीत गेले. २०१८ च्या वैशाखात पहिला तुरा आला. एकच, आणि तोही रस्त्याच्या बाजूस. त्यानंतर मी दुसरी चूक केली, तीही सांगून टाकतो. २०१९ च्या चैत्रात एक-दोन फांद्या गडग्याकडे झुकलेल्या दिसल्या. पूर्वीच्या अनुभवाने मी इतका धास्तावलो होतो की, कोयता घेऊन झाड चोहोंकडून गोल छाटून टाकले. त्या वर्षी एकही फूल आले नाही. कारण उघड आहे: तामणीचा तुरा नव्या फुटीच्या टोकाला येतो, आणि मी नेमकी तीच टोके उडविली होती. छाटणी करावयाची ती पाने गळून गेल्यावर आणि नवी पालवी फुटण्यापूर्वी करावी. फांदी करवतीने, खालच्या बाजूस आधी थोडा चीर देऊन कापावी, म्हणजे साल सोलवटत नाही. शिवाय पहिल्या चार वर्षांतच एक सरळ खोड राखून बुंध्याकडील फुटवे काढावेत, म्हणजे पुढे मोठ्या छाटणीचा प्रसंगच येत नाही. भयाने केलेली छाटणी ही निष्काळजीपणाइतकीच वाईट, हा धडा मला साठीच्या उंबरठ्यावर मिळाला.

त्यानंतर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले. रायगड व उत्तर रत्नागिरीतील बागांची त्या एका दिवसात जी दशा झाली, ती ज्यांनी पाहिली त्यांना सांगावयास नको. आंबे, माड, पोफळी आडव्या झाल्या. माझ्या तामणीची एक बाजूची फांदी फाटली आणि ऐन बहरातील तुरे चिखलात गेले. ही जात वादळास पुरून उरते असा दावा मी करणार नाही. तशा वाऱ्यापुढे कोणत्या झाडाची शाश्वती द्यावी? परंतु फाटलेली फांदी आमच्याच अंगणात पडली. १५ फुटांचा हिशेब त्या दिवशी कामास आला. दुपार उलटल्यावर शेजारी आपल्या घराची उडालेली कौले सोडून प्रथम गडग्यापाशी आले आणि विचारते झाले, “मास्तर, झाड आहे ना?”

ह्या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला. अकरा वर्षांपूर्वी नव्हे, नऊ वर्षांपूर्वी एका झाडाने त्या घराचा व आमचा अबोला घडविला होता. दुसऱ्या झाडाविषयी त्याच मनुष्यास काळजी वाटली. ह्यात तामणीचा चमत्कार काही नाही. ते झाड लावण्यापूर्वी त्यांना विचारले होते, इतकाच भेद. मी परगावी गेलो असता दोन उन्हाळे तिला पाणीही त्यांनीच घातले होते. आपण समजतो की, माझी जमीन, माझे रोप, माझा छंद. परंतु झाड वाढू लागले की, ते आपल्याच आकाशात वाढत नाही. ते शेजाऱ्याचे ऊन घेते, त्याच्या पन्हळीत पाने टाकते, त्याच्या भिंतीकडे मुळे धाडते, आणि चांगले निपजले तर त्याच्याही खिडकीत फुले धरते. म्हणून झाडाच्या निवडीत त्याचाही शब्द असावयास हवा.

तामणीकडून भलत्या अपेक्षा मात्र करू नयेत. तिला गंध नाही. पक्ष्यांना खावयास गोड फळ ती देत नाही. पाखरांसाठीच झाड लावावयाचे तर ते दुसरे पाहावे. ऐन माघ-फाल्गुनात ती काही दिवस उघडीबोडकी असते आणि पानांचा केर रोज काढावा लागतो. मी तो सकाळी स्वतः काढतो, गडग्यापलीकडचाही, आणि खड्ड्यात कुजवून पुन्हा तिच्याच आळ्यात घालतो.

तेव्हा ज्या श्रोत्यांच्या मनात येत्या पावसाळ्यात अंगणात एखादे झाड लावावयाचे असेल, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. वैशाखात खड्डा खणा. त्यापूर्वी दोरी घेऊन १५ फूट मोजा. त्याहीपूर्वी त्या जातीचे एखादे जुने झाड पाहून या. आणि ह्या सर्वांच्या आधी एकदा शेजाऱ्यांच्या पायरीवर जाऊन बसा व त्यांना विचारा. आमच्या घरी चैत्रातील हळदीकुंकवाचे बोलावणे पुन्हा येऊ लागले आहे. आमच्या बोलावण्याला शेजारणीही येतात, आणि जाताना डहाळी मागून नेतात. त्या वेळी तामणीचे तुरे नुकतेच उमलू लागलेले असतात, आणि डहाळी तोडताना माझा जीव थोडा वरखाली होतो, हे मात्र मी अद्याप कोणास बोललेलो नाही.